भिंतीला भिंत नको

जव्हार,
माघ वद्य पंचमी, शके १८४१

प्रिय राही,

पागेचे दोन दरवाजे. चावडीचा कठडा. शाळेतले सगळे बाक आणि मास्तरांची खुर्ची. तिचा एक पाय मागाहून दुसऱ्या कुणी बदलला आहे, तो माझा धरू नये. देवीच्या पालखीचा दांडा. नथूशेटच्या दुकानाच्या फळ्या, ज्या क्रमाने लावल्या तरच बसतात, आणि शेटला क्रम लक्षात राहत नाही म्हणून तो रोज सकाळी माझ्या नावाने बोटे मोडतो. ढवळूमामाचा नांगर. तुझा पाळणा. तुझ्या लग्नातली पेटी. तुझ्या आयसला नेले ती तिरडी, कारण दुसऱ्याने बांधलेली मला सरळ वाटली नसती. हे सगळे या दोन हातांनी केले, आणि हात धरून शिकवायला कोणी नव्हते. सुताराच्या घरी मी जन्मलो नाही. आपण डोंगरातली नागली पिकवणारी माणसे. लाकूड तासायची वाकस कशी धरायची ते मी दुसऱ्याचे बघून, स्वतःचा अंगठा फोडून शिकलो. अक्षरे शिकलो ती वाण्याच्या पुडीच्या कागदांवरून आणि तोडलेल्या ओंडक्यांवर हातोडीने उठवलेल्या खुणांवरून. आणि आता या यादीत हे घर.

घर पुरे झाले आहे, राही, आणि त्यात कोणी राहत नाही. ते कुणासाठी बांधले ते तुला ठाऊक आहे. तू लेकीला, चैतीला, घेऊन सूर्यमाळला मामाच्या घरी राहतेस त्याला पावसाळा आणि हिवाळा उलटला. परवा ढवळूमामा बाजारात भेटला. शिमग्यानंतर त्याच्या घरात सून येते आहे. तुम्हा दोघींना कोपरा उरणार नाही, हे त्याने तोंड खाली घालून सांगितले. वाईट वाटून घेऊ नकोस, घर लहान आहे, मामाचे मन लहान नाही. पण शिमग्याच्या आत तुला जव्हारात कुठे राहायचे ते ठरवायला हवे. मोखाड्याला नवऱ्याच्या घरी परत जायचा रस्ता मी मोजणीत धरलेला नाही. तूही धरू नकोस.

तुझे चार ओळींचे पत्र दिवाळीतच मिळाले होते. अक्षर अजून सरळ आहे. फळीवर कोळशाने गिरवून घेतले होते त्याचे चीज झाले. तू लिहितेस, बा, पेठेत नको. भिंतीला भिंत नको. तळ्याकडच्या पाड्यात आपल्या माणसांत एक खोपी बांधून दे, बस. पुढे असेही लिहितेस, "पेठेतले घर तू माझ्यासाठी नाही, तुझ्या नावासाठी बांधलेस." हे वाक्य मी बऱ्याच वेळा वाचले. त्यात खोटे किती आणि खरे किती ते मी तुला सांगणार नाही. आपल्या पाड्यातल्या कुणाचेही घर आजवर पेठेत नव्हते, आणि ते पहिले माझे असावे असे मला वाटले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण मी नुसत्या नावासाठी जागा निवडत नाही. लाकूड घेताना मी आधी वास घेतो, मग बोटाच्या पेराने ठोकून बघतो, मग ते कुठल्या बाजूला उन्हाकडे वाढले होते ते बघतो, आणि मगच विकणाऱ्याशी बोलतो. जव्हारातल्या जागा मी तशाच बघितल्या. त्या तुला सांगतो. मग तू ठरव.

पहिली जागा राजवाड्यामागची आळी. तिथे दरबारचे नोकर राहतात. पागेच्या कामामुळे मला तिथे दोन खोल्या मिळत होत्या, अजूनही मिळतील. रस्ता झाडलेला असतो, संध्याकाळी कंदील लावतात, विहीर जवळ आहे आणि तिच्यावर दरबारचा माणूस उभा असल्यामुळे कोणी कुणाला मागे लोटत नाही. चैतीला शाळा चार घरांवर. ऐकायला सगळे गोड आहे. पण त्या आळीतल्या एकाही माणसाचे तिथल्या एकाही दगडावर नाव नाही. नोकरी आहे तोवर छप्पर. आमच्याबरोबर काम करणारा पागेतला एक मोतद्दार, घोड्याने लाथ मारून त्याचा गुडघा गेला, आणि त्याच महिन्यात त्याच्या बायकोने चुलीची राख स्वतः झाडून खोली दुसऱ्याला दिली. तो हसत होता. म्हणाला, "देवरामा, घोडा लंगडा झाला तर त्याला गोळी घालतात, माझं बरं झालं." मी नाही हसलो. एका घरातून तू एकदा उठून आली आहेस. दुसऱ्याच्या एका शब्दावर पुन्हा उठावे लागेल अशा घरात मी तुला ठेवणार नाही.

दुसरी जागा तुझी, तळ्याकडचा पाडा. मी तिथे तीन वेळा गेलो, एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा दिवस मावळताना, कारण जागा वेळेप्रमाणे बदलते. सकाळी मला तुझे म्हणणे पटले. कुडाची घरे, सारवलेली अंगणे, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा, कोंबड्या फिरत आहेत. एका म्हातारीने मला ओळखदेख नसताना पेज दिली आणि विचारले, "कुणाचा रं तू? सूर्यमाळचा? मंग पावना कशाला म्हनतोस, बस." तिथे तुला कोणी जात विचारणार नाही, बोली चिडवणार नाही, पाणी भरताना थांब म्हणणार नाही. दुपारी गेलो तर पाडा रिकामा. बायका-पुरुष सगळे मजुरीला, कोणी रानात, कोणी रस्त्याच्या खडीवर. दोन म्हातारी माणसे आणि पोरे. मी तिथे मुद्दाम मोठ्याने हाक मारली, जशी कुणी अडचणीत मारेल तशी. तळ्यावरचा बगळा उडाला. बाकी कोणी आले नाही. आणि दिवस मावळताना गेलो तेव्हा पाहिले की मोखाड्याकडून येणारी गाडीवाट पाड्याच्या अंगणावरूनच गावात शिरते. मोखाड्याहून निघालेला माणूस जव्हारात कुणाला दिसायच्या आधी तुझ्या दारात उभा राहील. मी हे का लिहितो ते तुला कळते. मीही नाव लिहीत नाही.

आता पेठ. चौकातून खाली उतरणाऱ्या गल्लीत उजव्या हाताचे तिसरे घर आपले. खांब ऐनाचे, चौकट सागाची, वर नळीची कौले. पुढे ओसरी, मग माजघर, मागे अंगण, आणि अंगणात मी खणलेली विहीर. ती विहीर मी हौसेने खणली नाही. पेठेच्या विहिरीवर आपल्या बायकांना शेवटी पाणी मिळते, हे तुला कुणीतरी सांगितले असेलच, आणि ते खरे आहे. आपल्या विहिरीला वैशाखात पाणी राहत नाही. तेवढा एक महिना तुला उभे राहावे लागेल. मी लपवत नाही. गल्लीत गूळ, तेल आणि सुक्या मासळीचा वास असतो, बाजाराच्या दिवशी बैल दारात घाण करतात, आणि नथूशेटचा पोपट दिवसभर उधारी बंद असे ओरडतो. शिकवले शेटनेच, आणि सगळ्यात मोठी उधारी शेटच्या मेव्हण्याची आहे. घरातली प्रत्येक गोष्ट मी केली, एक सोडून. चूल मांडली नाही. नव्या घरात चूल कुठे मांडायची ते घरच्या बाईने ठरवायचे, आणि जुन्या चुलीतला विस्तव आणून ती पेटवायची, ही आपली रीत. तुझी आयस नाही, म्हणजे तू. म्हणून मी मागच्या मांडवात तीन दगडांवर भात शिजवतो आणि तिथेच निजतो. पेठेला हे समजत नाही. ज्या घरातून धूर निघत नाही ते घर पेठेच्या लेखी रिकामे. रोज कोणीतरी विचारते, "देवराम, विकायचं आहे का रे?"

आणखी एक गोष्ट पेठेला समजली नाही, आणि तिच्यावरून माझे नथूशेटशी वैर झाले. पेठेत घराला घर चिकटून असते, मधली भिंत दोघांची. मी घर बांधताना दोन्ही अंगांना मोकळी पट्टी सोडली. तसे करायचे असते की नसते, हा विचारच माझ्या मनात आला नाही. आपल्या पाड्यात कोणी दुसऱ्याच्या कुडाला कूड लावत नाही, त्याच्या कोंबड्यांना आणि त्याच्या पितरांना जायला वाट सोडायची असते. माझ्या हाताने ती वाट आपसूक सोडली. लोक बघायला आले. "घर बांधलंस का बेट?" शेजारचा नथूशेट म्हणाला, "एवढ्या जागेत माझं गुळाचं कोठार झालं असतं." आणि महिन्याभरात त्याने त्याच्या बाजूच्या भिंतीला भोक पाडून दार काढले, माझ्या पट्टीत उघडणारे! पट्टी मोकळी म्हणजे कुणाचीच नाही, असा पेठेचा कायदा. आधी एक डबा ठेवला, मग पाच, मग त्याचा नोकर तिथे हात-पाय धुऊ लागला. मी डबे उचलून गल्लीत ठेवले. त्याने पुन्हा आत ठेवले. त्या दाराची चौकट दुसऱ्या कुणी केली होती आणि ती एका बाजूला झुकलेली होती, त्यामुळे मला दुप्पट राग येई. मी चावडीवर अर्ज केला. अर्ज मी स्वतः लिहिला, कारकुनाला पैसे दिले नाहीत, आणि त्यात एकही खाडाखोड नव्हती. निकाल अजून लागलेला नाही.

तू पत्रात भिंतीला भिंत नको लिहिलेस तेव्हा मला आधी वाटले, पोरगी आगीला भिते. एका घराला लागली की ओळ जळते. मग वाटले, कुजबुजीला भिते. खरे कारण मला मार्गशीर्षात कळले. मी मोखाड्याला गेलो होतो, तुला सांगितले नव्हते. तुमच्या भिंतीपलीकडच्या शिंप्याची कापडे ठेवायची फळी मोडली होती, ती बसवायचे काम मी मागून घेतले. मधली भिंत बघितली. कारवीचा कूड, वर मातीचा हात, तोही एकच. मी फळीचा आधार ठोकायला भिंतीला कान जवळ नेला तर पलीकडे तुझी सासू तांदूळ निवडत होती. सुपात दाणे उडतात तो आवाज मला ऐकू आला. खडा बाजूला टाकला तो ऐकू आला. ती स्वतःशी खोकली. मी हातोडी खाली ठेवली. शिंपीण माझ्याकडे बघत होती. मी काही विचारले नाही, तरी ती म्हणाली, "ऐकू येत होतं हो, देवरामदादा. सगळं यायचं. चैती रडायची तेव्हा मी आमच्या पोरांना बाहेर पाठवायची. पण तुमचा जावई ठेकेदाराचा मुकादम, त्याच्या घरात कोण शिरणार? आमची सगळी शिलाई ठेकेदाराच्या मजुरांची." मी फळी बसवली. ती सरळ बसली. मजुरी घेतली नाही आणि तिच्या हातचे पाणीही घेतले नाही. येताना सूर्यमाळला वळलो, तुला आठवत असेल. तू भाकरी थापत होतीस. डावा हात कोपरातून पुरता उघडत नाही, हे मी लांबूनच पाहिले. चुकीचे जुळलेले लाकूड मला लांबून दिसते. मी जेवून उठलो.

तेव्हापासून ती पट्टी माझ्या दृष्टीने वेगळी झाली. आधी ती सवयीने सोडली होती, आता मी तिच्यासाठी भांडू लागलो. म्हटले, पोरीला भिंतीला भिंत नको ना, तर नसू दे. माझ्या घराची एकही भिंत दुसऱ्याची नाही. तुझे बोलणे, तुझे रडणे, चैतीचे हसणे, काही कुणाच्या कानावर जाणार नाही. आणि हे म्हणताना मी स्वतःच अडकलो. कारण तळ्याच्या पाड्याला मी नाव ठेवले होते ते याचसाठी, की तिथे हाक कुणी ऐकत नाही. मग मला काय हवे होते, शेजाऱ्याने ऐकावे की ऐकू नये? मोखाड्याला सगळ्यांनी ऐकले आणि कोणी आले नाही. पाड्यात येतील अशी माणसे आहेत, पण ती दुपारभर रानात. या गोष्टीला मला सांधा सापडेना. मी मांडवात बसून पटाशीला धार लावत असे. धार लागलेल्या पटाशीलाही पुन्हा लावत असे.

सांधा मला आज, बाजाराच्या दिवशी, सापडला. आणि तो लक्ष्याने दाखवला. आता नाव लिहितो. तुझा नवरा दुपारी ऐन गर्दीत माझ्या ओसरीवर येऊन बसला, बरोबर त्याचा चुलता. नवे धोतर, डोक्याला फेटा, ठेकेदाराची पितळी बिल्ल्याची काठी. आधी गोड बोलला. तुळईवर हात फिरवून म्हणाला, "मामा, असं काम मोखाड्यात कुणाच्या बापाला जमणार नाही." पाणी मागितले, मी दिले. दारात आलेल्याला पाणी द्यायचे असते. मग त्याने एक गोष्ट पुढे केली. ती काय ते मी शेवटी लिहितो, कारण ती लिहिली की माझा हात पुढे सरळ चालणार नाही. मी नाही म्हणालो. मी म्हणालो, पंच बसव, काडी मोड, पोरीला मोकळी कर, तुझे जे देणे निघेल ते मी देईन. तेव्हा त्याचा आवाज फिरला. "काडी मोडणार नाही. मरेपर्यंत मोडणार नाही. बायको माझी आहे, पोर माझी आहे, आणि तू डोंगरातला वाकशा, पेठेत घर बांधलंस म्हणून शेट झालास का?" असे म्हणून त्याने माझ्या ओसरीच्या कठड्याला लाथ घातली. कठडा हलला नाही. त्याचा पाय दुखावला, ते मी पाहिले. मग त्याने काठी उचलली.

आता नीट वाच. समोर कमळाकाकू राहते, चणे-कुरमुरे भाजते. तिची-माझी बोलाचाल फारशी नाही, तिच्या कढईचा धूर माझ्या ओसरीवर येतो म्हणून मी एकदा बोललो होतो. ती गरम वाळूचा झारा हातात घेऊन गल्लीच्या मधोमध आली. "काठी खाली ठेव रे मेल्या. माझं गिऱ्हाईक पळालं तर तुझ्या ठेकेदाराकडून भरून घेईन." लक्ष्या तिच्याकडे वळला, तेवढ्यात पट्टीतले ते वाकडे दार उघडले आणि नथूशेट माझ्या अंगाला येऊन उभा राहिला. मागे त्याचे दोन हमाल. आयुष्यात पहिल्यांदा ते दार मला बरे वाटले. शेट माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. तो लक्ष्याला म्हणाला, "बाजाराच्या दिवशी पेठेत काठी काढायची नाही. चावडी तिथं समोर आहे, शिपाई माझ्याकडं गूळ घेतो." चुलत्याने लक्ष्याचा दंड धरला. ते गेले. शेट माझ्याकडे वळून म्हणाला, "अर्ज मागे घेणार आहेस का?" मी म्हणालो नाही. "मग डबेही हलणार नाहीत," असे म्हणून तो त्याच दाराने परत गेला.

राही, मी तुला हे सांगत नाही की पेठेत माणुसकी जास्त आहे. पाड्यातल्या त्या म्हातारीत आहे तेवढी सगळ्या पेठेत नसेल. पण पेठेत गिऱ्हाईक आहे. दारात आरडाओरडा झाला तर त्यांचा धंदा बसतो, म्हणून ते बाहेर येतात. तुझ्यावर प्रेम असो नसो, येतात. प्रेमाने येणाऱ्या माणसाला रानात जावे लागते, धंद्यासाठी येणारा दिवसभर गादीवर बसलेला असतो. मोखाड्याच्या बाजारात कोणी आले नाही, कारण तिथे सगळ्यांचा धंदा लक्ष्याच्या ठेकेदाराच्या हातात होता. इथे नाही. हा माझा हिशेब. तो प्रत्येक दिवशी, प्रत्येक वेळी खरा ठरेल, अशी लाकडाची देतो तशी खात्री मी माणसांची देऊ शकत नाही. पण मी तो डोळ्यांनी बघितला. आणि भिंत म्हणशील तर तुझ्या भिंती तुझ्याच राहतील. शेजारी कान लावून ऐकू शकणार नाही, पण तू ओसरीवर येऊन हाक मारलीस तर सात दुकाने उठतील. ऐकू जायचे की नाही, ते भिंत ठरवणार नाही, तू ठरवशील. मला वाटते तुला हवे होते ते हेच. चूक असेल तर सांग.

तरीही तू पाडाच म्हणालीस, तर पाड्यात बांधून देईन. ऐनाचे खांब देईन, कारवी मीच आणीन, आणि हे घर तसेच राहील. शाळा दूर पडेल, चैतीला मी नेऊन सोडीन. मी रुसणार नाही. रुसलो तरी काम वाकडे करणार नाही. हवे असेल तर मीही तिथेच एक मांडव घालीन, दिवसभर घरी असणारे एक तरी माणूस पाड्यात होईल. तू लिहिलेस त्याचा अर्थ एवढाच, की नाव माझे, राहणे तुझे. बरोबर आहे. राहणाऱ्याने जागा निवडावी. मी तुला तीन जागा दाखवल्या, वास घेऊन, ठोकून, आणि प्रत्येकीची गाठ कुठे आहे तेही सांगितले. शिमग्याच्या आधी ढवळूमामाबरोबर निरोप पाठव. गाडी मी आणतो. रस्ता मोखाड्यावरून नाही, खालच्या अंगाने घेऊ.

आणि आता हे पत्र एवढ्या घाईने का लिहिले ते. मोखाड्याच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवाल्याला आज रात्रीच निघून आधी सूर्यमाळला हे पत्र द्यायला लावले आहे, त्याच्या चाकाचे सगळे आरे फुकट बदलून देतो असे कबूल करून. कारण जाताना लक्ष्या गल्लीच्या तोंडाशी थांबून मोठ्याने म्हणाला, "मी सूर्यमाळला जातो आणि तिला सांगतो, तुझ्या बापाने कबूल केलंय. बापाच्या नावावर ती येईल." तो येईल, राही. माझी म्हणून काही खूणही आणेल, खोटी असेल. तो म्हणेल की बापाने तुला गाडीत बसवायला सांगितले आहे, आणि तुला ते खरे वाटेल, कारण तू मला ओळखतेस, मला कशाची भूक आहे ते तुला माहीत आहे. म्हणून त्याने ओसरीवर बसून मला काय देऊ केले ते तुला माझ्याच अक्षरात कळायला हवे. दरबारची नवी कचेरी होते आहे. तिची सगळी दारे, खिडक्या, जिना आणि सभेच्या दालनाचे नक्षीचे छत, हे काम ठेकेदाराकडे आले आहे, आणि ते सगळेच्या सगळे मला द्यायला तो तयार आहे, दगडात नाव कोरून. बदल्यात एवढेच, की शिमग्याच्या आत मी तुला आणि चैतीला माझ्या हाताने मोखाड्याच्या गाडीत बसवावे. असे काम माझ्याकडे यावे म्हणून मी वीस वर्षे दुसऱ्यांनी घडवलेल्या कचेऱ्या बघत उभा राहिलो आहे. मी त्याला विचार करतो म्हणालो नाही, उद्या ये म्हणालो नाही. नाही म्हणालो. काम नऊशे रुपयांचे होते.

तुझाच,
बा
(देवराम)